शेऱ्याचा रकाना

माझ्या सासऱ्यांची नोकरी मी घालवली. सव्वीस वर्षांची नोकरी घालवायला मला चाळीस मिनिटं लागली, आणि त्यातली पंधरा रंग निवडण्यात गेली.

आमची कंपनी लिफ्टची देखभाल करते. कुठे लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली, कुठे दार लागेना झालं, की आमचा मेकॅनिक जातो, काम करतो आणि मोबाइलवर फॉर्म भरतो. मेकॅनिकचा नंबर, तारीख, इमारत, किती वेळ लागला, आणि सगळ्यांत खाली एक मोकळा रकाना: शेरा. तेवीस मेकॅनिकांचे हे फॉर्म माझ्या कॉम्प्युटरवर येऊन पडतात आणि मी त्यांचे आलेख करतो. उभ्या पट्ट्या, आडव्या पट्ट्या, गोल. देखभाल विभागाचे साहेब मला चित्रकार म्हणतात. कौतुकानं नाही.

साहेबांना पाठीमागे सगळे 'सरासरी' म्हणत. हा माणूस कशाचीही सरासरी काढायचा. जेवणाच्या सुट्टीत किती जण किती वेळ हसले याचीही त्यानं एकदा काढायला लावली होती. "आकडे बोलतात," हे त्यांचं आवडतं वाक्य. आकडे बोलत असताना ते स्वतःही बोलत, त्यामुळे आकड्यांचं फारसं ऐकू येत नसे.

सतरा तारखेला त्यांनी मला बोलावलं. "चित्रकार, मेकॅनिकनिहाय सरासरी वेळ हवाय. सहा महिन्यांचा. नावं शोधू नका, नंबरच राहू द्या. गोपनीयता असते."

मी तेवीस पट्ट्या काढल्या. बावीस साधारण एका उंचीच्या, तासाच्या जरा वर. सतरा नंबरची मात्र गर्दीत मान उंच करून बघणाऱ्या माणसासारखी: एक तास अठ्ठेचाळीस मिनिटं. सरासरीच्या वर गेलेली पट्टी वेगळ्या रंगात दाखवायची सोय सॉफ्टवेअरमध्ये आहे. मी लाल दिला. तो जरा फिका वाटला म्हणून गडद केला.

चार दिवसांनी दुपारी बायकोचा फोन आला.

"बाबांना काढलं."

"कोणी?"

"पत्र आलंय, वाचते. 'कर्मचारी क्रमांक सतरा यांचे काम संथ असल्याचे सोबतच्या आलेखावरून स्पष्ट होते.' सोबत आलेख आहे. खाली कोपऱ्यात तुझं नाव आहे."

आलेख करणाऱ्याचं नाव सॉफ्टवेअर आपणहून टाकतं. ते काढता येतं. मी कधी काढलं नव्हतं, कारण ते छापलेलं बघायला मला आवडायचं.

इथे नात्याचा थोडा खुलासा करायला हवा. आमचं लग्न ठरलं तेव्हा सासऱ्यांनी एकच अट घातली होती: ऑफिसात नातं कळता कामा नये. "जावई ऑफिसात बसतो म्हणून सासऱ्याला सोपी लिफ्ट मिळाली, असं कोणी म्हणायला नको." त्यामुळे ऑफिसात मी त्यांना सगळ्यांसारखा काका म्हणायचो आणि ते मला साहेब. घरी मी बाबा म्हणायचो आणि ते जावईबापू. नऊ वर्षं हे नाटक चाललं आणि कोणाला संशय आला नाही. मलाही आला नाही की सतरा नंबर कोणाचा.

संध्याकाळी त्यांच्याकडे गेलो. हत्यारांची पेटी दाराशी होती, नेहमीसारखी पुसून ठेवलेली. पत्र टेबलावर. बायको माझ्या आधीच पोहोचली होती आणि माझ्याकडे न बघता खिडकीकडे बघत होती, जिच्याबाहेर बघण्यासारखं काही नव्हतं.

"बाबा, मला माहीत नव्हतं."

"असं कसं? तुम्हीच तर काढलाय." त्यांनी आलेख उचलून उजेडात धरला. "रंग छान आहे, जावईबापू."

मी आलेख त्यांच्या हातातून घेऊन पालथा ठेवला.

"काढायचं तर काढा," ते म्हणाले. "दोन वर्षं राहिली होती, घरी बसेन. पण संथ म्हणू नका. मोटर जळायच्या वासावरून मी मजला सांगतो. संथ कोणाला म्हणतात हे?"

"पण वेळ जास्त का लागला तुम्हाला?"

"लिहून दिलंय की. रोज लिहिलंय. तुम्ही वाचलं नाहीत?"

"कुठे लिहिलंय?"

"शेऱ्यात."

"अहो बाबा, शेरा कोण वाचतं?"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं एखाद्या चांगल्या इमारतीतल्या वाईट लिफ्टकडे बघत असावेत. "मग रकाना कशाला ठेवलाय?"

बायको खिडकीकडेच बघत म्हणाली, "उद्या जाऊन वाच."

दुसऱ्या दिवशी सकाळी, कोणी यायच्या आधी, मी माझाच आलेख उघडला आणि त्या लाल पट्टीवर राइट क्लिक केलं. एक यादी उघडते. तिच्यात सर्वांत खाली असतं: 'मूळ डेटा पाहा'. सात वर्षं मी हे सॉफ्टवेअर वापरतोय आणि त्या ओळीवर बोट ठेवायची वेळ माझ्यावर आली नव्हती. आलेख काढणाऱ्यानं खाली बघायचं नसतं. मिठाई मांडणाऱ्यानं कढईत कशाला डोकावायचं.

खिडकी उघडली. एकशे चौसष्ट ओळी. रकाने तीन: तारीख, इमारत, वेळ. शेरा नव्हता. तो कोणी लपवला होता ते शोधायला फार वेळ लागला नाही. मीच, दोन वर्षांपूर्वी, फॉर्म येऊन पडतात त्या मुख्य तक्त्यात. लांब मजकुरामुळे ओळी जाड होतात आणि तक्ता बेढब दिसतो, म्हणून.

रकान्यांच्या यादीत जाऊन शेऱ्यापुढची खूण पुन्हा लावली. ओळी जाड झाल्या. वेळेनुसार उतरता क्रम लावला आणि वाचायला लागलो.

'५ तास १० मिनिटे. इमारत: इतर. साहेबांच्या सासऱ्यांकडे. लिफ्ट चालू होती. दिवाणखान्यातले कपाट पश्चिमेच्या भिंतीला लावले.'

'४ तास ५५ मिनिटे. इमारत: इतर. साहेबांच्या सासऱ्यांकडे. लिफ्ट चालू होती. कपाट परत पूर्वेला लावले.'

'४ तास ४० मिनिटे. साहेबांच्या सासऱ्यांकडे. स्वयंपाकघरातला नळ गळत होता, तो केला. चहा दिला. साखर कमी होती.'

'४ तास ३० मिनिटे. साहेबांच्या सासऱ्यांकडे. सर्व पंखे पुसले. पत्त्यांचा एक डाव खेळू म्हणाले. हरले, म्हणून आणखी तीन.'

अशा एक्केचाळीस ओळी. माझे सासरे एका शाळामास्तरांचे चिरंजीव. त्यांना अर्धवट वाक्य लिहिता येत नाही. प्रत्येक शेऱ्याला पूर्णविराम होता.

मी त्या एक्केचाळीस ओळी बाजूला काढून राहिलेल्या एकशे तेवीस कामांची सरासरी काढली. अठ्ठावन्न मिनिटं. तेवीस मेकॅनिकांत सर्वांत कमी.

मग तारखेनुसार क्रम लावला आणि शेवटची ओळ पाहिली. चौदा तारीख. वेळ शून्य. 'साहेबांच्या सासऱ्यांकडे जाण्यास सांगितले. गुडघा दुखतो, यापुढे जमणार नाही, असे साहेबांना नम्रपणे सांगितले.'

चौदाला नम्रपणे सांगितलं. सतराला सरासरींनी मला बोलावलं.

मी चिडलो असं म्हणणार नाही. चिडलेला माणूस तक्रार करतो. तक्रार आमच्याकडे साहेबांमार्फतच वर जाते, आणि वर जाताना तिचा शेरा गळून पडतो. मला अर्ज करायचा नव्हता. मला हा माणूस उताणा पडलेला पाहायचा होता, आणि तोही त्याच्याच हातानं. शक्यतो सगळ्यांसमोर. शक्यतो मोठ्या पडद्यावर.

योग चांगला होता. तीन आठवड्यांनी सहामाही बैठक होती. तिला मोठ्या बाई येणार होत्या. मोठ्या बाई म्हणजे कंपनीच्या मालकीण. नवऱ्याच्या माघारी त्यांनी कंपनी एकट्यानं वाढवली, आणि त्यांच्याबद्दल एक गोष्ट सगळ्यांना माहीत होती: समोर आलेला कागद त्या शेवटच्या ओळीपर्यंत वाचतात. अगदी औषधाच्या डबीतलासुद्धा.

मी साहेबांकडे गेलो.

"साहेब, बैठकीत तो मेकॅनिकांचा आलेख दाखवणार ना?"

"दाखवणार म्हणजे? तोच तर दाखवायचाय. एका आलेखात एक माणूस कमी केला मी."

"नुसता आलेख काय, कोणीही दाखवतं. तुम्ही पट्टीवर क्लिक करून मूळ डेटा उघडून दाखवा. म्हणजे बाईंना कळेल की साहेबांची मुळापर्यंत पकड आहे."

त्यांनी खुर्ची मागे रेलली. "मुळापर्यंत," ते स्वतःशी म्हणाले. शब्द आवडला होता.

"पारदर्शकता," मी आणखी एक टाकला.

"चित्रकार, तुम्ही दिसता तेवढे हे नाही."

"हे म्हणजे?"

"खाली मुंडी, पाताळ धुंडी."

"पाताळच दाखवायचंय, साहेब."

त्या आठवड्यात मी त्यांना रोज पंधरा मिनिटं शिकवलं. उंदीर इथे न्या. उजवं बटण. सर्वांत खालची ओळ. शेरा मी पुन्हा लपवून ठेवला होता. खिडकी उघडायची, त्यांच्यासमोर तारीख, इमारत, वेळ असे तीन निरुपद्रवी रकाने यायचे, आणि साहेब खूश व्हायचे. ते वाचत नव्हते. त्यांना उघडण्यात रस होता. पडद्याकडे पाठ करून, हात मागे नेऊन, लोकांकडे बघत बघत क्लिक करायचं त्यांनी स्वतःच बसवलं. जादूगार रुमालाकडे बघत नाही तसं.

बंद कसं करायचं ते मी शिकवलं नाही. त्यांनी विचारलं नाही.

घरी बायकोला सगळं सांगितलं होतं. ती म्हणाली, "आकड्यांना हात लावायचा नाही. एकाही."

"अक्षरालासुद्धा लावणार नाही."

"मग काय करणारेस?"

"रकाने पुढेमागे करणार."

लग्नानंतर पहिल्यांदाच माझ्या कामात तिला काही तरी दिसलं असावं. "शेरा पहिला ठेव," ती म्हणाली. "आणि अक्षर मोठं कर. बाई साठीच्या पुढच्या आहेत."

बैठकीच्या दिवशी सकाळी मी तेवढंच केलं. लपवलेला शेरा दाखवला. ओढून पहिल्या जागी आणला. रुंद केला. त्याच्या शेजारी वेळ, मग इमारत, मग तारीख. वेळेचा क्रम उतरता. फाइल जतन केली आणि मागच्या रांगेत, दाराजवळ जाऊन बसलो.

बैठकीच्या खोलीत वीसेक माणसं होती. शाखांचे प्रमुख, भांडाराचे प्रमुख, दोन संचालक. मोठ्या बाई पुढे, हातात पेन्सिल. साहेबांनी नवा शर्ट घातला होता, त्याच्या कॉलरवर घड्यांची रेघ तशीच होती.

"आणि हा लाल," ते म्हणाले. "बावीस जण वेळेत काम करतात आणि हा एक. मी नुसत्या चित्रावर विश्वास ठेवत नाही, बाई. मी मुळापर्यंत जातो." त्यांनी पाठ पडद्याकडे केली, हात मागे नेला आणि क्लिक केलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते मी जन्मात पहिल्यांदाच शब्दशः पाहिलं.

तक्ता उघडला. मोठ्या अक्षरांत.

साहेब लोकांकडे बघत होते आणि लोक पडद्याकडे. भांडाराचे प्रमुख खोकल्याचं निमित्त करून रुमालात गेले. एका संचालकांचे ओठ हलत होते, ते वाचत होते. एवढी शांतता साहेबांच्या भाषणाला कधीच लाभली नव्हती. त्यांनी ती दाद समजली.

"आकडे बोलतात," ते म्हणाले. "चार-चार तास, बाई. पाच-पाच तास. मी विचारतो, हा माणूस तिथे नेमकं करत काय होता?"

"कपाट हलवत होता," मोठ्या बाई म्हणाल्या.

"अं?"

"आधी पश्चिमेला. मग पूर्वेला." त्यांनी पेन्सिलीनं दिशा दाखवल्या. "तुमच्या सासऱ्यांचं एकदा काही ठरत नाही का?"

साहेब वळले. मी या क्षणासाठी तीन आठवडे थांबलो होतो, म्हणून नीट पाहून घेतलं. आधी कान लाल झाले, मग मान. गडद लाल. मी दिला होता त्याच्या जवळपास जाणारा.

त्यांनी उंदीर धरला आणि खिडकी बंद करायला गेले. भलतंच बटण दाबलं गेलं आणि खिडकी पूर्ण पडदाभर झाली. आता पंखे, नळ आणि पत्ते शेवटच्या खुर्चीवरूनही वाचता येत होते.

"चित्रकार, हे बंद करा."

"बाई वाचतायत, साहेब."

"सरकवा जरा वर," मोठ्या बाई मला म्हणाल्या. मी पुढे जाऊन ओळी सरकवत राहिलो. त्यांनी एक्केचाळीसच्या एक्केचाळीस वाचल्या. साखर कमी होती तिथे थांबल्या, पत्त्यांच्या तिथे थांबल्या. मग म्हणाल्या, "ही 'इतर' नावाची इमारत आपल्या ग्राहकांत कधीपासून आहे?"

साहेबांनी कॉलर सैल केली.

"शेवटची तारीख दाखवा." मी दाखवली. चौदा, शून्य, नम्रपणे. "आणि हा आलेख कधी मागवला?"

"सतराला," मी म्हणालो.

"बाई, हा डेटा बदललेला आहे," साहेब म्हणाले. आवाज चिरका झाला होता. "मी रोज पाहिलाय. यात हे काही नव्हतं."

"काय बदललंत?" बाईंनी मला विचारलं.

"आकडा एकही नाही. अक्षर एकही नाही. मोबाइलवरून आलेले मूळ फॉर्म आहेत, पडताळून बघता येतील. शेरा लपवलेला होता, तो दाखवला आणि पुढे आणला. लपवलाही मीच होता, दोन वर्षांपूर्वी. दिसायला बरा नव्हता म्हणून."

"मग आजच का आठवण झाली?"

नऊ वर्षांचं नाटक संपवायला याहून बरी जागा मिळाली नसती. "सतरा नंबर माझे सासरे आहेत."

खोलीत खुर्च्या करकरल्या. बाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग साहेबांकडे. "म्हणजे सासरे दोघांचेही," त्या म्हणाल्या. "एका जावयानं सासऱ्यासाठी माणूस राबवला, दुसऱ्यानं न बघता त्याच माणसाला लाल रंग दिला. तुम्हाला मी शाबासकी देणार नाही."

"नको," मी म्हणालो. मला ती नकोच होती. मला हवं होतं ते माझ्या डाव्या हाताला उभं होतं आणि घाम पुसत होतं.

"संथ हा शब्द कोणाचा?" त्यांनी विचारलं.

"माझा," साहेब म्हणाले.

"नव्या पत्रात तो मागे घ्या. तुमच्या सहीनं. पत्र तुम्ही स्वतः नेऊन द्या. त्यांची फाइल मी वाचलीय. लिफ्ट नाही त्यांच्या घरी, तीन मजले आहेत."

साहेबांना काढलं नाही. मला आधी वाईट वाटलं. पण मोठ्या बाई माझ्यापेक्षा सूड जाणणाऱ्या निघाल्या. विभाग दुसऱ्याकडे गेला आणि साहेबांना भांडाराशेजारी एक टेबल मिळालं, शेरे वाचण्याचं. तेवीस मेकॅनिकांचे रोजचे सगळे शेरे वाचायचे आणि प्रत्येकापुढे एका ओळीत उत्तर लिहायचं. त्यासाठी नवा रकाना मी करून दिला. नाव 'उत्तर'. तो लपवता येत नाही, तशी सोय केली आहे.

शेरे कोणी तरी वाचतं, ही बातमी मेकॅनिकांत एका दिवसात पसरली. ज्यांनी आयुष्यात 'काम झाले' यापलीकडे काही लिहिलं नव्हतं, ते परिच्छेद लिहायला लागले. पाच नंबर आपल्या मोटरसायकलचा इतिहास क्रमशः लिहितो. अकरा नंबर रोज विचारतो, 'साहेब, जेवलात का?' आणि साहेबांना रोज उत्तर द्यावं लागतं. एका ओळीत.

बाबा पत्र मिळाल्यानंतरच्या सोमवारी कामावर आले. साहेबांनी पत्र दिलं तेव्हा काय झालं ते मी विचारलं, तर म्हणाले, "आत या म्हटलं. चहा दिला. साखर व्यवस्थित घातली होती." एवढंच. आता ऑफिसात मी त्यांना बाबाच म्हणतो. ते मला साहेबच म्हणतात, आणि का ते दोघांनाही माहीत आहे: शेरा न वाचणारा तो साहेबच. आलेखातला लाल रंग मी काढून टाकला. तरी परवा बायकोनं पडद्यांचं कापड निवडताना मला दुकानाबाहेर उभं केलं. "तू रंगाचं काही बोलू नकोस," म्हणाली.

मागच्या आठवड्यात 'इतर' नावाच्या इमारतीतून तक्रार आली. रीतसर, पैसे भरून, नव्या ग्राहकाची. लिफ्ट खरोखरच बंद पडली होती आणि साहेबांचे सासरे चौथ्या मजल्यावर अडकून होते. नव्या प्रमुखांनी यादी पाहिली आणि सर्वांत कमी सरासरीच्या माणसाला पाठवलं.

संध्याकाळी मी घरी निघण्याआधी पट्टीवर राइट क्लिक केलं. हल्ली ती सवय लागली आहे.

'३८ मिनिटे. लिफ्ट बंद होती, चालू केली. चहा विचारला, नको म्हटले. कपाट सध्या कोणत्या भिंतीला आहे ते पाहिले नाही.'

शेजारी उत्तराचा रकाना रिकामा होता. मी खुर्ची ओढून बसलो. पाच वाजून बावन्न मिनिटांनी तिथे अक्षरं उमटली: 'नोंद घेतली.'

मी तो रकाना थोडा रुंद केला आणि फाइल जतन केली.